घोड्याच्या घरातले प्यादे

माझे सासरे बुद्धिबळ जुन्या देशी रीतीने खेळत. पेडण्याकडच्या त्यांच्या गावात देवळाच्या मंडपात दुपारच्या वेळी पट मांडला जाई, तिथे बघून बघून ते शिकले होते. मी शिकलो डिचोलीला, खाणीच्या कार्यालयात, जेवणाच्या सुट्टीत. आम्ही तिथे पुस्तकातल्या नियमांनी खेळायचो. लग्नानंतर सासुरवाडीला गेलो की आमचे दोन डाव होत, आणि त्यांच्या घरी त्यांचे नियम, हे ठरलेलेच होते.

दोन्ही रीतींत बरेच फरक आहेत, पण इथे दोनच सांगायला हवेत. पुस्तकी खेळात प्यादे पटाच्या शेवटच्या ओळीत पोचले की त्याच्या बदल्यात आपल्याला हवी ती सोंगटी घेता येते, म्हणजे सगळे वजीरच घेतात. देशी खेळात तसे नाही. प्यादे ज्या घरात पोचेल, त्या घराची सोंगटी मिळते. हत्तीच्या घरात पोचले तर हत्ती, घोड्याच्या घरात पोचले तर घोडा. दुसरा फरक असा, की समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या मारून राजा एकटा उरवला तर ती ‘बुर्जी’ होते आणि जिंकणे अर्धेच धरतात. म्हणून चांगला खेळणारा समोरच्याचे निदान एक प्यादे जिवंत ठेवतो आणि मग मात करतो. सासरे बुर्जीला फार कमी लेखत. राजाला उघडा पाडून मारण्यात काय मोठेपणा, असे त्यांचे म्हणणे.

गोवा राज्य झाले त्या वर्षी चतुर्थीनंतर ते विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले. सासूबाई जाऊन वर्ष होत आले होते, मुलगा नव्हता, माझी बायको ही एकुलती एक मुलगी. घर वाड्यापासून, म्हणजे गावातल्या वस्तीपासून, लांब, काजूच्या बागेच्या कडेला. संध्याकाळी पडलेले ते सकाळी सापडले. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने नेहमीसारखा भोंपू वाजवला, कोणी बाहेर आले नाही, म्हणून तो मागच्या बाजूला बघायला गेला. घोट्याचे हाड मोडले होते. पायाला प्लास्टर घालून आम्ही त्यांना डिचोलीला आमच्या घरी आणले.

ते आले, पण राहायला आले नाहीत. जावयाच्या घरी बापाने दोन दिवसांवर राहू नये, हे त्यांच्या मनात पक्के होते. पूर्वी आमच्याकडे आले की ते पाणी पिऊन, मुलांच्या हातावर काहीतरी ठेवून शेवटच्या बसच्या आधी निघत. आता पायामुळे अडकले होते. पहाटे उठून अंथरुणाची घडी स्वतः घालत. जनेल, म्हणजे खिडकी, उघडायची असली तरी विचारत, “जावंयबापू, उगडूं मरे?” ताटात एकदा वाढलेले तेवढेच जेवत. बायको पुन्हा भाताचे भांडे घेऊन आली की ताटावर हात धरत. घरच्या माणसाला पाहुण्यासारखे वाढायचे, याचा तिला त्रास व्हायचा. ती मला म्हणाली, “माज्याच बापायक हांव सोयऱ्यासारको वाडटां.”

प्लास्टर निघाले, काठीही सुटली. मग त्यांनी सांगितले की ते पेडण्याला परत जाणार. बायको रडली, चिडली, मुलांना पुढे केले. ते फक्त म्हणत, “घर बंद दवरूंक जायना.” मी हिशेबाचा माणूस, भांडण करत नाही. मी मनात मांडून पाहिले: सत्तरी उलटलेला माणूस, कठडा नसलेली विहीर, हाकेच्या अंतरावर घर नाही, आणि पोदेर येतो तो दिवसातून एकदाच. कुठूनही बेरीज केली तरी उत्तर वाईट येत होते. पण हे त्यांना कोणी सांगायचे?

त्याच सुमारास आमच्या युवक मंडळाने तालुक्यासाठी बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली. मी नाव द्यायला निघालो तेव्हा सासरे पडवीत बसले होते.

“माजेंय नांव घाला,” ते म्हणाले.

“मामा, ते नियम वेगळे.”

“नियम वेगळे, पट वेगळो न्हय मू? नांवामुखार गांव पेडणें घाला. डिचोली घालूं नाकात.”

स्पर्धा दोन शनिवार-रविवारची. ती संपली की सोमवारी पहिल्या बसने जाणार, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकले.

शाळेच्या सभागृहात बाके सरकवून मेजे लावली होती. पंच म्हापशाचे, बँकेत काम करणारे, शांत गृहस्थ होते. राजभाषेचा वाद तेव्हा ताजा होता, त्यामुळे त्यांनी नियमांचा कागद हातात घेऊन आधी विचारले, “मराठीतून वाचू की कोंकणीतून?” मागून कोणीतरी म्हणाले, “घोड्याक दोनूय कळटात. वाचा.” सगळे हसले. आमच्याकडे घरात बोलायचे ते एक आणि कागदावर लिहायचे ते दुसरे, त्यात कोणाला कधी अडचण वाटली नव्हती. पंचांनी मराठीतून वाचले. प्यादे शेवटच्या घरात गेले की कोणतीही सोंगटी घेता येईल, हेही वाचले. मी मुद्दाम सासऱ्यांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली.

ते हळू खेळत. एकेका सोंगटीला हात लावण्याआधी तो हात गुडघ्यावर बराच वेळ ठेवत. लाटंबार्स्याचा एक शिक्षक त्यांना म्हातारा समजून घाईत खेळला आणि वजीर घालवून बसला. तिसऱ्या फेरीनंतर त्यांचे दोन गुण होते. माझेही दोन. चौथ्या फेरीच्या जोड्यांचा कागद भिंतीवर लागला आणि त्यात आमची दोघांची नावे एका ओळीत होती.

मी पंचांकडे गेलो. “हे माझे सासरे आहेत. जोडी बदलता येईल?”

“गुण सारखे म्हणून जोडी लागली,” ते म्हणाले. “सासरे असले तर बदलायची, असा नियम नाही.”

नियम नाही म्हटल्यावर मी परत फिरलो.

दुसऱ्या रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. बायको चुलीकडे तोंड करून म्हणाली, “मुद्दाम हरूं नाकात. बाबांक कळतलें. आनी कळल्यार ते सोमाराची वाट पळोवचे नात, आजच वतले.”

“आनी जिकलों जाल्यार?”

“पयलीं जिकून तरी दाखयात,” ती म्हणाली. मग चुलीत लाकूड सारून म्हणाली, “जिकल्यार तांकां दिसतलें आपूण सोंपलो. म्हाताऱ्याचें कांयच चलना म्हणून. तशेय ते वतलेच.”

म्हणजे हरलो तरी ते जाणार आणि जिंकलो तरी जाणार. मी बरोबरीचा विचार केला. पण बरोबरी ठरवून आणण्याइतका चांगला मी खेळत नव्हतो, हे मला माहीत होते.

आमच्या मेजाभोवती माणसे जमली. सासरा आणि जावई समोरासमोर, ही गोष्ट सगळ्यांना कळली होती. सावंतवाडीकडचा एक ट्रकवाला, जो खाणीवर खनिज वाहायचा आणि मला रोज कार्यालयात भेटायचा, माझ्या मागे उभा राहून म्हणाला, “सासऱ्याक हरयलंस तर रात्री जेवतलंस खंय?” सासऱ्यांनी वर न बघता आपल्या लेकीच्या जोरावर उत्तर दिले, “ताजी काळजी तुका नाका. ताका रांदपी माजीच चली.”

मी काळ्या सोंगट्यांनी खेळत होतो. मी मुद्दाम एकही चूक केली नाही, हे आजही सांगू शकतो. ज्या केल्या त्या माझ्या खऱ्या होत्या. डावाच्या मध्यावर मी एक उंट फुकट घालवला आणि तिथून माझी घसरण सुरू झाली. सासऱ्यांनी मारलेल्या माझ्या सोंगट्या आपल्या बाजूला मेजाच्या कडेवर ओळीने मांडून ठेवल्या होत्या, हत्तीशेजारी हत्ती, घोड्याशेजारी घोडा. जसजशी ती ओळ वाढत गेली तसतसे त्यांचे खांदे सरळ होत गेले. मला ते दिसत होते, आणि हरण्याचे मला खरोखर वाईट वाटेनासे झाले.

शेवटी त्यांच्याकडे राजा आणि एक हत्ती उरला. माझ्याकडे राजा आणि एक प्यादे. ते प्यादे घोड्याच्या उभ्या पट्टीत होते आणि त्यांच्या हत्तीच्या थेट माऱ्यात होते. आधाराला कोणी नाही. नुसते उचलायचे होते.

त्यांनी प्याद्याकडे पाहिले, माझ्या राजाकडे पाहिले, आणि हत्ती शेजारच्या पट्टीत सरकवला.

“खा मरे तेका,” ट्रकवाला माझ्या कानामागे पुटपुटला. पंचांनी त्याला बोट दाखवून गप्प केले.

मला त्याच क्षणी कळले काय चालले आहे. प्यादे मारले असते तर माझा राजा एकटा उरला असता. बुर्जी झाली असती. ती त्यांना नको होती. या सभागृहात बुर्जी नावाची गोष्ट नाही, एकट्या राजावरची मातही पूर्णच धरतात, हे त्यांनी ऐकले होते. पण ऐकलेले कानात राहिले होते आणि हात मंडपातल्या पटावरच खेळत होता. मी काही बोलू शकत नव्हतो. डाव चालू असताना बोलायचे नाही, हाही नियमच.

मी प्यादे पुढे टाकले. त्यांनी राजा पुढे आणला. मी पुन्हा प्यादे पुढे टाकले, आता ते शेवटच्या घराच्या अलीकडे उभे होते. अजूनही हत्ती आडवा घालून ते अडवता आले असते. त्याऐवजी त्यांनी आपला राजा माझ्या राजासमोर आणून उभा केला. पुढच्या खेळीला हत्ती माझ्या बाजूच्या शेवटच्या ओळीत गेला की मात. त्यांचे गणित सरळ होते. प्यादे घोड्याच्या घरात पोचेल, घोडा होईल. त्या घरातून घोडा कोणाला शह देऊ शकत नाही. मग मात. आणि ती मातही कशी, तर समोर घोडा जिवंत असताना दिलेली. ते खुर्चीवर मागे टेकले. तीन महिन्यांत त्यांना असे टेकून बसलेले मी पाहिले नव्हते. आमच्या घरी ते खुर्चीच्या कडेवर बसत.

पण तिथे वजीर आला, तर तिरप्या रेषेत त्यांच्या राजाला थेट शह बसत होता. मी दोनदा मोजून पाहिले. शह, मग राजा कुठेही गेला तरी दुसरा शह, आणि त्या शहात हत्ती जात होता.

मी प्यादे शेवटच्या घरात ठेवले.

सासऱ्यांनी कडेच्या ओळीतून माझा काळा घोडा उचलला आणि हात पुढे केला. “घेया तुमचो घोडो,” ते म्हणाले. गावच्या मंडपात असेच करत. ज्याने सोंगटी मारली त्यानेच ती परत द्यायची.

पंच मेजाजवळ आले होते. त्यांनी मला विचारले, “कोणती सोंगटी घेणार?”

त्या प्रश्नाने सासऱ्यांचा हात पटावरच थांबला. त्यांनी पंचांकडे पाहिले, मग पटाकडे. त्यांच्या डोळ्यांना ती तिरपी रेषा दिसलेली मी पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरचा मघाचा आराम हळूहळू गेला.

“घोडो चलता,” मी म्हणालो.

सकाळी बायकोने एवढे बजावले होते, तरी माझ्या तोंडून तेच निघाले. माझ्या आयुष्यात मी कोणाला एक पैसा जास्त दिला नाही आणि कमी दिला नाही. पण तो पुढे आलेला हात तसाच परत पाठवणे मला जमेना.

सासऱ्यांनी घोडा मागे घेतला. तो ओळीत त्याच्या जागी ठेवला. मग वजीर उचलून माझ्यासमोर ठेवला, थोडा जोरात.

“घरांत सोयरो आसां तितलो पुरो,” ते म्हणाले. “पटार तरी माका सोयरो करूं नाकात.”

मी वजीर घेतला. ते शेवटपर्यंत खेळले, डाव सोडला नाही. हत्ती गेला, मग राजा एका कोपऱ्यात अडकला आणि मात झाली. त्यांनी निकालाच्या कागदावर सही केली आणि चपला शोधायला गेले.

घरी जाताना बाजारापर्यंत ते माझ्या चार पावले पुढे चालले. माझ्या मनात सोमवारची पहिली बस होती. मासळीच्या बाजाराशी आलो आणि ते एकदम थांबले.

“वजीर मेळटा हें तुका खबर आशिल्लें. खबर आसून तू घोडो मागता? हांव काय तुज्या पंगतीक बसपाक आयलां?”

एवढ्या वर्षांत त्यांनी मला तुम्ही सोडून दुसरे काही म्हटले नव्हते. मलाही मग राग आला, कारण सबंध डाव मी प्रामाणिकपणे खेळलो होतो.

“मामा, तुमी प्यादें मारूंक जाय आशिल्लें. तें उगडें आशिल्लें.”

“मारिल्लें जाल्यार बुर्जी जाताली.”

“हांगा बुर्जी ना.”

“हांगा ना म्हणून हांवें रीत सोडपाची?”

“मग हरपाचें.”

“हरलों मू! तूच माका धड हरूंक दिनाशिल्लो!”

मासळीवाली टोपलीवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती. “किदें जालें हो?” तिने विचारले. “कांय ना गो,” सासरे म्हणाले, “ह्याका शिकयतां.” आणि चालू लागले, ताड ताड, त्या घोट्यावर.

घरी पोचलो तरी भांडण संपले नव्हते. त्यांनी माझा पट मागितला, जेवणाच्या मेजावर मांडला आणि शेवटची स्थिती आठवून सोंगट्या ठेवल्या. हत्ती आधी कुठे न्यायला हवा होता, ते ते मला दाखवत होते. मी दुसरी खेळी दाखवत होतो. बायकोने पट न हलवता दोन ताटे कडेला ठेवली. बोलता बोलता त्यांचा भात संपला. तिने भांडे आणले आणि काही न विचारता वाढले. ते हत्ती हातात धरून मला सांगत होते, त्यांनी ताटावर हात धरला नाही. जेवत राहिले. मी तिच्याकडे पाहिले तर तिने डोळ्यांनीच मला दटावले, गप्प राहा म्हणून.

मग तिने सगळी हकिकत विचारली. ऐकून घेतली आणि बापाला म्हणाली, “दुसऱ्याच्या राजाक एकटो करपाक तुमकां लज दिसता. आनी स्वता सोमारा वचून एकटे रावतले.”

“तो खेळ गो,” ते म्हणाले. “खेळ वेगळो, घर वेगळें.” त्यांनी हातातला हत्ती पटावर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “जावंयाचें शीत खावन म्हयन्यांनी म्हयने बसप माका जमना. तुमी बरीं आसात. तुमचेर राग ना. पूण माका जमना.”

हे त्यांनी पहिल्यांदाच तोंडाने सांगितले. तोपर्यंत ते घर बंद ठेवता येत नाही एवढेच म्हणत होते. बायको उत्तर देणार होती, मी तिला थांबवले. ज्या गोष्टीचे उत्तर त्यांनाच शोधायचे होते, तिथे आमचे बोलणे उपयोगाचे नव्हते.

पाचवी फेरी दुपारी झाली. ते जिंकले, मी हरलो. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

सोमवारी सकाळी ते कपडे घालून पडवीत आले. पिशवी भरलेली होती. बायको आत होती, बाहेर आली नाही. मी सायकल काढत होतो.

“आज रजा घेयशी?” त्यांनी विचारले. “माज्यावांगडा पेडण्याक यो.”

मी शेजारच्या घरी निरोप ठेवला, कार्यालयात कळवायला सांगितले. आम्ही म्हापशाला बस बदलून पेडण्याला गेलो. घर बंद राहून दमट झाले होते. त्यांनी दारे-जनेले उघडली, अंगण झाडले, देवापुढे दिवा लावला. मला वाटले, आता ते मला परत जायला सांगतील. मग त्यांनी शिडी लावली आणि मला माळ्यावर चढवले. तिथे त्यांच्या स्वतःच्या शेतातल्या उकड्या तांदळाचे पोते होते.

“तें सकयल घे,” ते म्हणाले. “सांबाळून.”

मी पोते खाली आणले. वजनाचा अंदाज घेतला. एका माणसाला वर्षभर लागेल त्याच्या निम्मेही ते भरले नसते. मी हिशेब मनात केला आणि मनातच ठेवला. त्यांनी वाड्यावरच्या एका माणसाला बोलावून चावी दिली, काजूची आणि विहिरीची काळजी घ्यायला सांगितले. काजूच्या दिवसांत आपण येऊ, असेही त्याला म्हणाले. मग आम्ही दोघांनी पोते रस्त्यापर्यंत नेले, दोन ठिकाणी टेकत टेकत.

बस आली. कंडक्टर ओळखीचा असावा, त्यांची मुलगी डिचोलीला दिली आहे हेही त्याला माहीत असावे. पोते मागे चढवायला हात लावत तो म्हणाला, “काय, चेडवाक तांदूळ व्हरतात?”

“ना रे,” सासरे म्हणाले. “हे माजे. हांव थंय रावतां.”